थोरलीच्या वाट्याला जायचं नाही

धक्क्याचा मॅनेजर सकाळीच बोटीच्या फळीवर येऊन उभा राहिला. मागे ओढबोट, आणि दोर घेतलेले दोघे खलाशी.

"काकू, चालती बोट असेल तरच धक्क्यावर जागा. नाहीतर आज ओढून भंगारात. नियम आहे."

नियम त्याचाच. आठवडाभर खांबावरची वीज 'दुरुस्तीसाठी' तोडली होती, तीही त्यानेच. धूर होतो म्हणून धक्क्यावर इंजिन सुरू करायची बंदी, तीही त्याचीच. वीज नाही म्हणजे चार्जर नाही, चार्जर नाही म्हणजे बॅटरी बसणार, आणि बॅटरी बसली की इंजिन काय शिट्टी मारल्यावर उठतं? एवढी अक्कल त्याला होती. संध्याकाळी बोटीत काळोख बघून तो समाधानाने घरी जायचा.

पण काकूंच्या बोटीवर बॅटऱ्या दोन होत्या. दिवे, पंखा, फ्रीज, रेडिओ, सगळा संसार धाकटीच्या डोक्यावर. थोरलीने फक्त इंजिन सुरू करायचं आणि एरवी तोऱ्यात बसून राहायचं. वीज गेली तशी धाकटीने मान टाकली. काका उकाड्याने कासावीस होऊन म्हणाले, "अगं, बॅटऱ्यांचा तो लाल खटका जरा थोरलीवर फिरव. पाच मिनिटं पंखा."

"थोरलीच्या वाट्याला जायचं नाही."

काकांनी वर्तमानपत्राने वारा घेत बायकोच्या माहेरचा उद्धार केला. काकूंनी ऐकून घेतलं, पण खटक्याला हात लावू दिला नाही. हे दोघांचं एकुलतं एक घर होतं. ते भंगारात जायचं असेल तर पंख्याची हवा काय करायची?

आता काकूंनी खटका थोरलीवर आणला आणि किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं.

"टाका रे दोर," मॅनेजर म्हणाला.

काका खालीच बघायला लागले.

"थांबा हो. घसा साफ करतंय ते," म्हणत काकूंनी पुन्हा किल्ली फिरवली आणि दाबून धरली. इंजिन कण्हलं, हादरलं, आणि फळीसकट सगळी बोट थडथडायला लागली. दोर टाकायला निघालेला खलाशी हसला, मग साहेबाकडे बघून त्याने हसू गिळून टाकलं.

"बरं, बरं. चालतंय. करा आता बंद," म्हणत मॅनेजर तरातरा आत शिरला. लाल खटक्यावर 'बंद' लिहिलेलं दिसलं, तसा त्याने हात घातला.

काकूंनी त्या हातावर फटका मारला. चांगला सणसणीत.

"चालू इंजिनात तो खटका 'बंद'वर नेला की अल्टरनेटर जळतो. मग कुठून भरायच्या बॅटऱ्या?"

"मला वाटलं, इंजिनचंच बटण..."

"वाटलं तर विचारायचं. दुसऱ्याच्या घरात शिरून 'बंद' करायचं नाही."

काकूंनी खटका 'दोन्ही'वर आणून काकांना सांगितलं, "अहो, दोर सोडा."

"कुठे निघालात?" मॅनेजर हात चोळत म्हणाला.

"चालती बोट आहे ना? चालवते. उतरायचं तर उतरा, नाहीतर बसा. चहा टाकते."

त्याने उडी मारली. धक्क्यावर गुडघे टेकले, पण पोचला.

"आमची जागा राखून ठेवा," काकूंनी वरून सांगितलं.

मोकळ्या पाण्याकडे जायचा रस्ता डावीकडे होता. काकूंनी बोट उजवीकडे वळवली, धक्क्याच्या ऑफिसच्या खिडकीसमोरून. मग एकेक बटण दाबत गेल्या. डोलकाठीचा दिवा, केबिनचे दिवे, संडासातला बल्बसुद्धा. रेडिओ मोठ्ठा केला.

काका ओरडले, "अगं, भर उन्हात दिवे कसले लावतेस? आधी धाकटी तर भरू दे!"

"भरेल हो," काकू म्हणाल्या. "आधी त्याला दिसू दे."