औंढ्याची शपथ

कळमनुरीतल्या लॅबच्या कॉम्प्युटरवर सकाळी सगळ्या पेशंटचे रिपोर्ट लॉक झालेले होते. खंडणी द्या, मगच उघडतील, असा मेसेज होता. बॅकअपची डिस्क कायम कॉम्प्युटरलाच लावलेली, तीही लॉक झाली.

लॅबमालक शिवहारनं थेट सत्यशीलाचं घर गाठलं. पूर्वी ती रोज संध्याकाळी डिस्क काढून घरी न्यायची. डेटा चोरते म्हणून त्यानंच डिस्क हिसकून घेऊन तिला कामावरून काढलं होतं. वर औंढ्याला नेऊन, एकही कॉपी ठेवलेली नाही, अशी नागनाथासमोर शपथ घ्यायला लावली होती.

“ताई, एखादी कॉपी ठेवली असंल तर द्या. शपथ खोटी निघाली तरी मी काही म्हणणार न्हाई.”

“न्हाई ठेवली, भाऊ.”

“आठवून बघा.”

“नागनाथाम्होरं उभं केलं होतं तुमी. तिथं खोटी शपथ कशी घेऊ?”