गोजरबाईच्या दशम्या

शामकांत गुरुजींनी फळा पुसला, आणि तो स्वच्छ झाला तरी फडकं फिरवतच राहिले. आज त्यावर काही लिहायचं नव्हतं. आज वर्ग बंद करायचा होता, कायमचा.

मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर वाडीतल्या एकोणीस बाया नेहमीसारख्या पाट्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सगळ्यांत पुढे गोजरबाई. पाच वर्षांपूर्वी वर्ग सुरू झाला तेव्हा तिनं गुरुजींच्या इतक्या फुल्या खाल्ल्या होत्या, की एकदा पाटी छातीशी धरून रडली होती. गुरुजी मोठे कडक. बरोबर असेल तर नुसती मान हलवायचे, चुकलं की पाटीभर फुली. आज गोजरबाईच्या पुढ्यात फडक्यात बांधलेलं एक गाठोडं होतं, आणि त्यातून लसणाच्या चटणीचा वास येत होता. त्या वासानं गुरुजींचं डोकं आणखीच फिरलं. आधी पाठीत सुरा खुपसायचा आणि मग मन खातंय म्हणून शिदोरी बांधून आणायची, ही कुठली रीत?

गुरुजी नगरहून दुपारच्या एस.टी.नं उतरले ते थेट देवळात आले होते. लोकसभेची मतमोजणी आदल्या संध्याकाळी संपली होती. निकाल घेऊन वाडीत शिरलेलं पहिलं माणूस तेच.

निवडून येऊ, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. ना पक्ष, ना जीप, ना साखर कारखाना. निवृत्त मास्तर, एक सायकल आणि कंदील हे चिन्ह. मागणी एकच, की धरणाचा कालवा वाडीच्या अलीकडे दोन मैलांवर थांबवलाय, तो पुढे आणा. समोर उभे होते कारखान्याचे चेअरमन आबासाहेब. ते येणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गुरुजींना हवं होतं ते एवढंच, की ज्यांना आपण अक्षर शिकवलं त्या एकोणीस जणींनी तरी कुणाला न भिता मत द्यावं. राहुरीपासून सुप्यापर्यंत ते घसा कोरडा पडेस्तोवर बोलले. वाडीत मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही. आपल्याच विद्यार्थिनींपुढे मतासाठी हात पसरणं त्यांना जमणारं नव्हतं.

आणि मतदानाच्या दिवशी तर त्यांचे डोळे भरून आले होते. आबासाहेबांचा ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन दारात आला. दर निवडणुकीला बाया त्यातच बसून जायच्या. यंदा एकही चढली नाही. कारखान्याची माणसं बघत असताना एकोणीस जणी उन्हातून दीड कोस चालत गेल्या. गुरुजींना वाटलं, आपण जिंकलो. दिल्ली गेली खड्ड्यात.

मग नगरला वाडीची पेटी टेबलावर ओतली. बाकीच्या गावांच्या मतपत्रिकांत मिसळण्याआधी घड्या उलगडून मोजत होते, तेव्हा गुरुजी वाकून बघत होते. जी उलगडावी तिच्यावर शिक्क्याची फुली आबासाहेबांच्या नावासमोर. गुरुजींचं स्वतःचं एक मत सोडलं, तर कंदील कोराच्या कोरा.

फडकं खाली टाकून गुरुजी वळले. आजपासून वर्ग बंद, म्हणाले. पाट्या घरी न्या, पोराबाळांना द्या. पाच वर्षं मी दगडावर पाणी ओतलं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

"का पन, गुरुजी?" गोजरबाईनं विचारलं.

"तुम्ही भ्यालात म्हणून," गुरुजी म्हणाले. "चालत गेलात ते नाटक कशाला केलंत? मी डोळ्यांनी पाहिल्यात वाडीच्या फुल्या, गोजरबाई. सगळ्या आबासाहेबांवर."

गोजरबाईचा चेहरा उजळला. "सगळ्या? एकीची बी चुकली न्हाई?" तिनं मागे वळून सगळ्यांकडे अभिमानानं पाहिलं. मग ती समजूत घालावी तशी बोलायला लागली. "भ्यालो असतो तर टरालीत बसलो नसतो का? मागल्या टायमाला सांगतील तितं शिक्का उठवला. फुली म्हंजी काय, ते तवा कुनाला ठावं हुतं? औंदा समदं कळत हुतं. मानूस चुकीचा हाय, मारली फुली. तुमच्या नावावर मातर एकीनं बी पडू दिली न्हाई."

गुरुजी मटकन पायरीवर बसले. पाच वर्षांत त्यांनी या बायांना मुळाक्षरं शिकवली होती, बाराखडी शिकवली होती, सही शिकवली होती. मत कसं द्यायचं तेवढं सांगायची त्यांना लाज वाटली होती.

"जिल्ह्यात किती फुल्या पडल्या आबासाहेबावर?" गोजरबाईनं विचारलं.

"एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार." गुरुजी जमिनीकडे बघत म्हणाले.

"आन् तुमच्यावर?"

"अकराशे चार."

ओसरीवर एकदम गलबला झाला. गोजरबाईची सून मनकर्णा तर पाटीवर थाप मारून हसली. गोजरबाईनं पदर सारखा केला आणि गाठोडं दोन्ही हातांनी उचलून गुरुजींच्या मांडीवर ठेवलं.

"दुधातल्या दशम्या हायत," ती म्हणाली. "दिल्लीपत्तूर टिकतील."