हाही रंग नको

“हाही नको, पप्पा,” मुलगी स्टेजवरून म्हणाली. “यात मी आजारी दिसते.”

रंगारी शिडीवर होता. त्याने दिव्यापुढच्या चौकटीतून जिलेटिनचा हिरवा कागद ओढून काढला आणि काखेतल्या गुंडाळीत खुपसला. हिरव्याचं तसं काही चुकलं नव्हतं. चर्चच्या भिंतीवर तो झकास दिसत होता. फक्त गाणार भिंत नव्हती, मुलगी होती.

हे काम त्याच्याकडे आलं ते फार विचारपूर्वक. चर्च लहान, स्टेज त्याहून लहान. कुठल्याशा बंद पडलेल्या नाट्यगृहाने दोन जुने दिवे देऊन टाकले, तेव्हा पाळकसाहेबांनी विचारलं, रंग कोण ठरवणार? सगळ्यांनी रंगाऱ्याकडे पाहिलं. जन्मभर लोकांची घरं रंगवणाऱ्याला रंग कळणार नाहीत तर कुणाला? त्यात त्याची बायको गेल्या वर्षी वारली होती, आणि अशा माणसाला कशात तरी गुंतवून ठेवावं असं कमिटीचं मत होतं. त्याला विचारून बघावं, असं मात्र कमिटीचं मत नव्हतं.

तो मनापासून शिकायला लागला. पहिला कागद फिका वाटला म्हणून भिंतीला दुसरा हात मारावा तसा त्याने त्यावर दुसरा कागद चढवला. उजेडच गेला. निळा आणि पिवळा मिळून हिरवा होतो, हे त्याला मिसरूड फुटल्यापासून ठाऊक होतं. एका दिव्यातून निळा सोडला, दुसऱ्यातून पिवळा. पण उजेडाचं गणित निराळं, स्टेज पांढरट पडलं.

“चुना फासलात की काय?” कमिटीच्या सेक्रेटरीने विचारलं. बटण चालू-बंद करायचं काम सेक्रेटरीकडे होतं आणि ते तो फार जबाबदारीने करायचा.

घाई होती ती एकट्या रंगाऱ्याला. मुलीला दूरच्या शहरात नोकरी लागली होती. या दिव्यांचा पहिला कार्यक्रम, त्यात आई गायची त्या जागी उभं राहून गायचं आणि मग निघायचं, असं तिचं ठरलं होतं. रंग ठरेना म्हणून कार्यक्रम ठरेना. नोकरीवाल्यांनी एकदा मुदत वाढवून दिली. दुसऱ्यांदा फोनवर त्यांचा आवाज बदलला. आपल्याला चार कागद जुळवता येत नाहीत म्हणून पोरीची नोकरी जाणार, या विचाराने त्याची झोप उडाली होती. ती गेल्यावर घरात आपण एकटेच उरणार, हा विचार त्याने तूर्त बाजूला ठेवला होता. त्यासाठी पुढे वेळच वेळ मिळणार होता.

तर हिरवा गेला. त्याआधी लाल गेला होता, त्यात म्हणे ती चिडलेली दिसत होती. निळ्यात तिला थंडी वाजली. गुलाबीने डोळे चुरचुरले. मुलगी एकेक रंग नाकारायची आणि पुढच्या बाकावरची मंडळी माना डोलवायची. रंगातलं कळत कुणालाच नव्हतं. त्यामुळे मतांना तोटा नव्हता.

दिव्यापुढची चौकट रिकामीच ठेवून रंगाऱ्याने दुसरा कागद शोधायला काखेतली गुंडाळी काढली. तेवढ्यात सेक्रेटरीने बटण दाबलं. दिवा पेटला. दिवा जुनाच, उजेड जरा पिवळसर पडला.

“हा उदास वाटतो,” पाळकसाहेब म्हणाले.

“उदास कुठला? भडक आहे, भडक!” ऑर्गन वाजवणाऱ्या मावशी म्हणाल्या. “देवाच्या घरात असला रंग?”

“मी केव्हाचा सांगतोय, पिवळा घेऊच नका,” सेक्रेटरी म्हणाला. हे तो पहिल्यांदाच सांगत होता.

मुलीने तर मान वर करून पाहिलंही नाही. “हाही नको, पप्पा. चेहरा उतरल्यासारखा दिसतो.”

रंगाऱ्याने चौकटीकडे पाहिलं. मग हातातल्या गुंडाळीकडे पाहिलं.

“अगं,” तो म्हणाला, “अजून कागद लावलाच नाहीये.”

पुढच्या बाकावर सगळ्यांना एकदम खोकला आला. पाळकसाहेब चष्मा पुसायला लागले. मावशींना ऑर्गनवरची धूळ दिसली आणि त्या लगबगीने तिकडे गेल्या.

मुलगी हसली नाही. स्टेजवरून उतरून ती शिडीपाशी आली. शिडी हलत नव्हती, तरी तिने ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“नका ना लावू,” ती फक्त त्याला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली. “लावलात की मला जावं लागेल.”

रंगारी वरच उभा राहिला. दिव्याची धग त्याच्या तोंडावर येत होती. लाल बरा होता. निळाही बरा होता. गुलाबीत तर ती छान दिसली होती, आणि ते त्याला तेव्हाच दिसलं होतं.

त्याने गुंडाळीत हात घातला, हाती लागला तो कागद ओढला आणि रंग न बघताच चौकटीत सरकवला.

“हाच,” तो वरूनच मोठ्याने म्हणाला. “कार्यक्रम येत्या रविवारी.”