चौकोनाची चौथी बाजू

चंद्रशेखरने तिसऱ्यांदा सीडी बाहेर काढली आणि डबीत ठेवून दिली. "नाही जमत, मॅडम. आज टाकलं की उद्या मशीन चालू करताच पुसलं जाते."

तो नागपूरहून आला होता. मुलांना प्रोग्रामिंग शिकवायचं सॉफ्टवेअर त्याने आणलं होतं. आज्ञांचे रंगीत ठोकळे माउसने एकाखाली एक जोडायचे, की पडद्यावरचं चित्र तसं हलतं. पण दरेकशाजवळच्या या शाळेतले दहाही संगणक पुरवठादाराने असे बांधून दिले होते, की त्यांच्यात नवं काही टिकत नव्हतं. पासवर्ड पुरवठादाराजवळ होता, आणि तो दोन वर्षांपासून फोन उचलत नव्हता.

"ब्राउझर तर उघडते ना," कुंता म्हणाली.

"ब्राउझरमध्ये असलं काही होत नाही." तो दुपारच्या गाडीने परत गेला.

मुख्याध्यापक भोजराज सर दारातच उभे होते. "दिवाळीनंतर मशीनं तालुक्याले, सालेकशाले पाठवून देऊ, मॅडम. वापर नाही तर ठेवायची कायले?"

२०१२चा ऑगस्ट होता. कुंता त्या शाळेची कंत्राटी संगणक शिक्षिका. गोंदियाला बी.एस्सी. करताना तिने नोटपॅडमध्ये एक वेब पान लिहिलं होतं. तेवढ्या भांडवलावर ती ब्राउझरमध्येच चालेल असं काही लिहायला बसली. शाळा सुटल्यावर दोन तास आणि रविवारचा दिवस. गोंदियाच्या सायबर कॅफेतून तिने जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेच्या धड्यांची छापील पानं आणली. संगणकात फायली ठेवायचा एक कप्पा तेवढा पुसला जात नव्हता. तिथे तिने आपली फाइल ठेवली.

सप्टेंबरच्या शेवटी पडद्यावर एक मुंगी चालू लागली. ना सीडी, ना पासवर्ड, ना इंटरनेट. फाइलवर दोनदा क्लिक केलं की ब्राउझरमध्ये पान उघडायचं. ठोकळे चारच होते: 'चाल', 'वळ', 'थांब', 'पुन्हा कर'. मुंगी जिथून जाईल तिथे रेघ उमटायची. आठवीची मुलं मधल्या सुट्टीतही खोलीतून हलेनात.

एकच अडचण होती. 'चार वेळा पुन्हा कर' म्हटलं तरी मुंगी तीनच बाजू काढायची आणि थांबायची. चौकोन उघडाच राहायचा. कुंताने रेघ काढायचा सगळा भाग पुन्हा लिहून पाहिला. फरक पडला नाही. शनिवारी तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी येणार होते. संगणक ठेवायचे की हलवायचे, ते त्याच दिवशी ठरणार होतं.

शनिवारी अधिकारी सरळ पहिल्या संगणकापाशी गेले. "चौकोन काढून दाखव," ते समोरच्या मुलाला म्हणाले.

कुंताने पदराचं टोक मुठीत धरलं. मुलाने ठोकळे जोडले. मुंगी निघाली. एक बाजू, दोन, तीन. मग ती वळली, आणि चौथी बाजू काढून निघाल्या जागी येऊन थांबली.

अधिकाऱ्यांनी दहाही पडदे पाहिले. सगळीकडे चौकोन पुरे होते. "सर, ही मशीनं इथंच राहू द्या," ते भोजराज सरांना म्हणाले.

ते गेल्यावर कुंता वर्गाकडे वळली. "माझ्या फाइलीला कोणी हात लावला?"

मग मागच्या बाकावरची रिंकी उठली. मार खायच्या तयारीने तिने हात पुढे केला होता.

"मॅडम, पानावर माउसचं उजवं बटन दाबलं का आतलं लिहिलेलं सारं दिसते. तुमी एकपासून मोजून राहिले होते, अन् मोजणी चार यायच्या आधीच थांबे, म्हणून तीनच बाजू होत. मी फाइल नोटपॅडात उघडून शून्यापासून केलं. मंग बाकीच्या मशीनींतही तसंच करून ठेवलं."

"तुला कोणी शिकवलं हे?"

"कोणी नाही. बदलून बदलून पाहिलं." कुंता रागावली नाही हे पाहून रिंकीने हात खाली घेतला. "आनखी दोन चुका हायेत तुमच्या. काढू का?"