ढवळायचं नाही

रविवारी दुपारी लेकीने टेबलावर तीन ग्लास मांडले. एकात गरम पाणी, एकात गार, एकात दूध.

"प्रत्येकात शाईचा एकच थेंब टाकायचा, बाबा. ढवळायचं अजिबात नाही, बाईंनी बजावलंय."

गरम पाण्यात निळा रंग भराभर पसरला. गार पाण्यात तो आळसावल्यासारखा खाली उतरत राहिला. दुधाचा ग्लास तिने खिडकीजवळच्या खुर्चीपुढे ठेवला होता. तिची आई गेल्यापासून त्या खुर्चीवर कुणी बसलेलं नाही.

दुधावरचा थेंब बराच वेळ हललाच नाही. मग तो गोल फिरू लागला. पंखा बंद होता. आम्हा दोघांचे हात आपापल्या मांडीवर होते.

लेकीला रोज दूध ढवळून देताना बायको शेवटी चमचा काठावर दोनदा आपटायची. "फोडशील एक दिवस ग्लास," असं मी रोज कुरकुरायचो.

दूध पार आकाशी झालं. काठावर दोनदा टिंग वाजलं.

मी झटकन खुर्चीकडे पाहिलं. लेकीने मात्र वैतागून पेन्सिल खाली ठेवली.

"बाबा, तूच सांग ना आईला. रोजचं ठीक आहे, पण आज प्रयोग होता!"