जुम्म्याचा व्हिडिओ

दर जुम्म्याला जास्मीन पनवेलच्या घरातल्या आठवडाभराच्या क्लिपा जोडते, वर पैगंबरांच्या स्तुतीची एखादी नात लावते आणि नवऱ्याला पाठवते. अदीब मस्कतला आहे आणि त्याच्या कॅम्पवर व्हिडिओ कॉल लागत नाही.

आजही लगेच त्याचा व्हॉइस मेसेज आला. "अगं, कितीदा सांगायचं? एक्स्पोर्ट करताना १०८० वर ठेव आणि डॉक्युमेंट म्हणून पाठव. अम्मीचा चेहरा नुसता पाण्यात बुडाल्यासारखा दिसतो."

जास्मीनने "बरं" एवढंच लिहिलं. लग्नाआधी चार वर्षं तिने खांदा कॉलनीतल्या एका स्टुडिओत लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ एडिट केले होते, तिला हे शिकवायला नको होतं. पण रमजानच्या आधी तिच्या सासूला, म्हणजे अम्मींना, अर्धांगाचा झटका आला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, बोलणं जड झालं. "त्याला सांगू नकोस, नोकरी टाकून येईल," असं अम्मींनीच अडखळत बजावलं. तेव्हापासून ती क्लिपांमधला आवाज काढून टाकते आणि एक्स्पोर्टला सगळ्यात लहान आकडा निवडते.

तिने अम्मींची उशी सारखी केली, तेवढ्यात अदीबचा व्हिडिओ आला. खाटेवर बसून तो सगळ्यांना सलाम करत होता. गेल्या सहा महिन्यांसारखाच आजचाही धूसर होता. फोन त्याच्याकडे तिच्यापेक्षा कितीतरी महागातला आहे.




त्याला सेटिंग बदलायला जास्मीनने आजवर एकदाही सांगितलेलं नाही.