काकूंना विचारलं होतं

“तिला चहा,” काकांनी वेटरला सांगितलं. त्याने विचारलं होतं काकूंना.

माझा मित्र हेरंब आणि त्याचे आईवडील, म्हणजे हे काका-काकू, यांच्याबरोबर मी दोन दिवसांसाठी तारकर्लीच्या रिसॉर्टवर आलो होतो. नाश्ता संपेपर्यंत मला कळलं, की काकूंना मासे नको असतात, झोपाळ्यावर मळमळतं आणि समुद्र पाहिला की डोकं दुखतं. सांगणारे अर्थात काका. हेरंबही वडिलांवरच गेलेला. “आईला पुढे बसायला आवडत नाही,” म्हणून गाडीत तो स्वतः पुढे बसला होता.

संध्याकाळी किनाऱ्यावर बोटीला बांधलेलं पॅराशूट उडत होतं. बोटवाल्याने विचारलं, “काकी, येतलात?”

“ती घाबरते,” काका म्हणाले.

“आईला चक्कर येते,” हेरंब म्हणाला.

काकूंनी चपला काढून काकांच्या हातात दिल्या, ओढणी कमरेला खोचली आणि बोटवाल्याला म्हणाल्या, “बांध रे पट्टे. घट्ट बांध.”

त्या परतल्या तेव्हा काका तसेच उभे होते. जिचं उत्तर स्वतःला देता येणार नाही अशी गोष्ट बायकोला विचारायची त्यांची ही पहिलीच वेळ असावी.

“वरून काय दिसलं गं?”

“सगळं,” काकू म्हणाल्या. “तुम्ही तेवढे दिसला नाहीत.”